हिरवी टाकी पांढरी कशी झाली

१

तपासनीसांनी अखेर गुन्हेगार पकडला, आणि तो ते स्वतःच निघाले.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. त्या दिवशी सकाळी खुद्द तपासनीसांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि आपण त्यांच्याहून शहाणे असल्यासारखं वागणं बरं दिसत नाही. तेव्हा वरची ओळ पुसून टाकू आणि रीतसर सुरुवात करू.

बुधवारी सकाळी टाकी मेलेली सापडली.

टाकी म्हणजे माणसाच्या उंचीचं काचेचं नळकांडं. आत समुद्राचं पाणी आणि त्यात सूक्ष्म शेवाळ. एकेकटं डोळ्यांना दिसत नाही, पण कोटींनी जमलं की पाणी हिरवंगार होतं. या शेवाळाच्या गोळ्यांनी मधुमेह्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल उतरतं का, याचा प्रयोग संस्थेत चालला होता. उतरतं की नाही ते अजून ठरायचं होतं. टाकी मात्र या साऱ्याचं विरजण होती. तिच्यातलं थोडं काढून अंगणातल्या हौदात टाकायचं, हौद हिरवा झाला की वाळवून गोळ्या करायच्या.

त्या सकाळी टाकीतलं पाणी भांडी विसळल्यासारखं दिसत होतं. तळाशी फिकट गाळ. वरच्या काठाला पांढरी भुकटी.

"विष!" संचालक म्हणाले. संचालकांना कुठलीही गोष्ट पहिल्या दमात कळायची. ती कोणती ते नंतर कळायचं. "शेवाळाची दुसरी प्रत कुठाय?"

शेवाळाची प्रत कुणी ठेवली नव्हती. प्रत ठेवावी या सूचनेच्या मात्र तीन प्रती भिंतीवर होत्या.

"पोलिसांना बोलावू का?" कुणीतरी विचारलं.

"आणि सांगू काय? शेवाळाचा खून झाला म्हणून? कलम कोणतं लावतील?" संचालकांनी इकडेतिकडे पाहिलं. संस्थेत 'तपासनीस' असा हुद्दा असलेला एकच माणूस होता. "तुम्ही तपास करा."

"साहेब, मी आग तपासतो," अग्निशमन तपासनीस म्हणाले.

"आग लागलीय का कुठे?"

"नाही."

"मग मोकळेच आहात की." संचालकांनी आवाज खाली आणला. "दुपारी प्रयोगाची पाहणी करायला समिती येतेय. त्यांना एक नाव लागणार. एक माणूस चुकला असेल तर माणूस जाईल. कुणीच चुकलं नसेल तर व्यवस्था चुकली म्हणतील आणि अख्खा विभाग जाईल. नाव आणा."

विभाग जाईल, हे शब्द ऐकून तपासनीसांना एकच गोष्ट सुचली. विभाग गेला की मंगळवार गेला.

२

तपासनीसांची खोली जिन्याखाली होती. छप्पर तिरकं असल्यामुळे खोलीत उभं राहायचं तर एकाच कोपऱ्यात उभं राहता यायचं, आणि त्या कोपऱ्यात वाळूच्या बादल्या होत्या. संस्थेत आजवर कधी आग लागली नव्हती. ते त्यांच्या कर्तबगारीमुळे की त्यांच्या दुर्दैवामुळे, हे सांगणं कठीण होतं. त्यांच्याकडे कुणी येत नसे. आग लागल्याशिवाय ज्याची आठवण येत नाही, त्याच्याकडे येऊन करणार काय? लोक त्यांना मागून 'विझवे' म्हणायचे. तेही त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना थोडा आधारच वाटे. निदान मागून तरी कुणी हाक मारत होतं.

प्रयोगात त्यांनी नाव घातलं ते साखर वाढली म्हणून. दर मंगळवारी सकाळी ते विभागात जात, सिस्टर त्यांचं बोट हातात घेई, आणि टोचायच्या आधी विचारी, "कसे आहात काका?"

बस्स, एवढंच. पण आठवड्यात हा प्रश्न त्यांना दुसरं कुणी विचारत नसे. बुधवारपासून ते उत्तराची तयारी करत. गुरुवारी एखादा विनोद घालत, शनिवारी तो काढून टाकत. मंगळवारी प्रत्यक्षात म्हणत, "ठीक." मग पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा नव्याने सुरुवात.

साखर उतरली होती, तीही चांगली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई दूर राहायची आणि फोन कायम स्पीकरवर ठेवायची. तिच्याशी बोलताना कुकर, नळ आणि भाऊजी हे तिघंही ऐकत असायचे.

"अरे, आवाज का असा? कोण गेलं?"

"शेवाळ."

"आपल्यातलं कुणी नाही ना?"

"नाही गं. टाकीतलं. खून झालाय, आणि तपास माझ्याकडे आहे."

"जेवलास का?" ताई म्हणाली. मग नळाचा आवाज मोठा झाला, ताई "बरं, ठेवते हं" म्हणाली आणि ठेवलाही.

तपासनीस थोडा वेळ फोन कानाला लावून बसले. मग उठले, डोकं जिन्याला आपटलं, आणि तपासाला सुरुवात झाली.

३

टाकीची निगा राखणाऱ्याला सगळे टाकीवाला म्हणत. तो खुर्चीवर हातपाय गाळून बसला होता, पण उत्तरं फटाफट देत होता.

"हात लावला असता तर सांगितलं असतं साहेब. माझं काम काय? पातळी लाल रेघेच्या खाली गेली की हे घालायचं." त्याने फडताळावरची बाटली दाखवली. "डिस्टिल्ड पाणी. बिनमिठाचं. पाणी आटतं ना, तेव्हा नुसतं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची."

तपासनीसांनी बाटली उचलली. खाली फडताळावर बाटलीच्या आकाराचा स्वच्छ गोल उमटला होता. बाकी सगळीकडे धुळीचा थर. बाटली काठोकाठ भरलेली, सीलही तसंच.

"ही उघडलेलीच नाही."

"गरजच पडली नाही! पातळी कधी उतरलीच नाही. बघावं तेव्हा पाणी रेघेला टेकलेलं." टाकीवाल्याच्या छातीत जरा हवा भरली. "वरचं झाकण मीच बसवलंय. वाफसुद्धा बाहेर जात नाही."

"आणि मीठ मोजायचं यंत्र?"

"दुरुस्तीला गेलंय. गेलंय म्हणजे, गेलंच."

तपासनीसांनी टाकीच्या काठावरची पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

दारात सिस्टर उभी होती. ती किंचाळली. "काका! विष असतं तर?"

"तर तपास लवकर आटपला असता," तपासनीस म्हणाले. "खारट आहे."

टाकीखाली निळे कॅन होते, समुद्राच्या पाण्याचे. "हे कधीचे?"

"यंदाच नवे आलेत. पण यातलं मी फारसं वापरत नाही. तरी रिकामे होत असतात. मला वाटतं डॉक्टरबाई नेतात, कसल्याशा चाचणीसाठी."

तपासनीसांनी एका कॅनचं झाकण झटकन उघडलं, वास घेतला. समुद्रच. त्यांनी झाकण लावलं. टाकीवाला त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

खोलीत हवेचा पंप अजून चालू होता. मेलेल्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते, अगदी पहिल्यासारखेच. हं. हं. हं. कुणीतरी मान डोलावत ऐकत असल्यासारखे.

"हा बंद करा," तपासनीस म्हणाले.

टाकीवाला उठला. पंपापर्यंत गेला, बटणावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग हात काढून घेतला.

"तुम्हीच करा साहेब."

तपासनीसांनीही केला नाही.

४

विभागप्रमुख डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. टेबलावर चहाचा कप. वर साय धरलेली.

"मी टाकीच्या खोलीत वर्षभर पाय ठेवलेला नाही," त्या म्हणाल्या. "माझं काम कागदावर. तुम्हाला काय वाटतं, माझं काय गेलंय? माझी अख्खी उमेद त्या नळकांड्यात होती. मी मारीन ती?"

"मारलं असं म्हणत नाही बाई. हात लावला का, एवढंच विचारतोय."

"नाही."

"त्या निळ्या कॅनना?"

"त्यांना कोण हात लावणार? झाकण उलट्या आट्याचं. माहीत नसलेला माणूस उघडायला जातो आणि आणखी घट्ट करून बसतो." त्या क्षणभर हसल्या. मग हसू गेलं. "घरी गेले की विचारायला कुणी नसतं, आज काय झालं म्हणून. इथे निदान..." त्या थांबल्या. "झालं का तुमचं?"

तपासनीस दारापर्यंत पोहोचले आणि तिथेच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कॅन यंदाचे. बाईंनी वर्षभर खोलीत पाय ठेवलेला नाही. मग झाकण उलटं फिरतं हे बाईंना सांगितलं कुणी?

झाकणानेच. दुसरं कोण सांगणार?

सापळा आयता हातात आला होता. ज्याने कॅन आधी उघडलाय, त्याचा हात झाकण आपोआप उलटं फिरवेल. तोंड काहीही सांगो. आता फक्त एकेकाला कॅनसमोर उभं करायचं.

५

तपासनीसांनी बोलावल्यावर सिस्टर टाकीपाशी आली. एप्रनच्या खिशात कापसाचा बोळा, चेहऱ्यावर रडून पुसल्याच्या खुणा.

"सिस्टर, तुम्ही टाकीच्या खोलीत येता?"

"मी? कशाला येऊ? माझी खोली तिकडे, माझी माणसं तिकडे."

"बरं. तो कॅन जरा उघडून द्या. माझं मनगट दुखतंय."

सिस्टर वाकली, झाकणाला हात घातला, आणि एका झटक्यात उलटं फिरवून काढलं.

तपासनीसांनी झाकण तिच्या हातातून घेतलं.

"झाकण उलटं फिरतं," तपासनीस हळूच म्हणाले, "हे तुम्हाला कसं कळलं?"

सिस्टरचा चेहरा पडला. ती शेजारच्या कॅनवरच बसली. "दुपारी यायचे मी. दिवसभर सगळ्यांना विचारते, कसे आहात, कसे आहात. मला कुणी विचारत नाही हो काका. इथे येऊन टाकीला सांगायचे. ती 'हं, हं' करायची. जाताना पाहिलं तर पाणी रेघेच्या किंचित खाली. वाटलं, बिचारीकडे कुणाचं लक्ष नाही. समुद्रातली आहे म्हणून समुद्राचं पाणी घालायचे. तेवढंच, पाहुण्याला निघताना पाणी द्यावं तसं." तिने नाक पुसलं. मग एकदम मान वर केली.

"पण काका."

"काय?"

"टाकीवाले म्हणत होते, सकाळी तुम्ही हाच कॅन एका झटक्यात उघडलात." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

६

तपासनीसांना उत्तर आलं नाही. आलं ते त्यांच्या उजव्या हाताला. हात आपोआप उठला आणि हवेत उलटा फिरला.

टाकीशेजारच्या भिंतीवर एक अग्निशामक नळी टांगलेली होती. तिची तपासणी वर्षातून एकदा करायची असते. तपासनीस ती रोज करत. नळीला काहीच झालेलं नसे, मग ते टाकीजवळ जरा टेकत. मंगळवारचं उत्तर तिला म्हणून दाखवत. टाकी सगळं ऐकून घेई. निघताना पाणी जरा उतरलेलं दिसलं की कॅनमधलं घालत. त्याला त्यांनी कधी 'हात लावणं' म्हटलंच नव्हतं. तो निरोप होता. सकाळी त्यांना कुणी विचारलं असतं, की टाकीला हात लावला का, तर तेही बाईंसारखंच ठाम 'नाही' म्हणाले असते, आणि खरंच वाटून म्हणाले असते.

"बाईंना बोलवा," ते म्हणाले. "टाकीवाल्यालाही."

बाई आल्या, ऐकलं, आणि वादच घातला नाही. "मी सकाळी यायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी. पातळी उतरलेली दिसायची. मला वाटायचं, हौदासाठी विरजण काढून नेलंय. विरजण काढलं की भर समुद्राच्या पाण्याचीच घालतात, ते बरोबर आहे."

"पण विरजण काढलंच नव्हतं," टाकीवाला म्हणाला. "हौद यंदा साफसफाईला आहे, गोळ्या जुन्या साठ्यातून जातायत. पाणी आटत होतं."

"म्हणजे झाकणातून वाफ जात होती," तपासनीस म्हणाले.

टाकीवाल्याची छाती खाली बसली.

मग कोडं आपोआप सुटत गेलं. पाणी रोज आटायचं, मीठ मागे राहायचं. त्यावर सकाळी बाई आणखी मीठ घालायच्या, दुपारी सिस्टर, मधल्या वेळात तपासनीस. प्रत्येकाला वाटायचं, टाकीला माझ्याशिवाय कुणी नाही. पातळी कायम रेघेला, म्हणून टाकीवाल्याला साधं पाणी घालायची वेळच आली नाही. आणि टाकी खारट होत गेली, इतकी की समुद्रात जन्मलेल्यांनाही सोसेना. काठावरचं विष म्हणजे उडालेल्या थेंबांचं मीठ.

"लाडाने मेली," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही नाही का कधी बोललात तिच्याशी?" बाईंनी टाकीवाल्याला विचारलं.

"माझं तर कामच होतं ते," टाकीवाला म्हणाला. "मला काही ओतायची गरज नव्हती."

दार धाडकन उघडलं. संचालक. "समिती फाटकात आलीय! नाव?"

तपासनीसांना का कोण जाणे वाटलं, हिशेब अजून पुरा झालेला नाही. संध्याकाळी टाकीकडे कोण येत होतं?

"साहेब, तेवढा दुसरा कॅन उघडता का? सगळ्यांचे हात ओले आहेत."

"मी या खोलीत कधी येतच नाही, मला काय ठाऊक कॅनचं," असं म्हणत संचालकांनी झाकण एका झटक्यात उलटं फिरवून काढलं.

संचालकांनी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग ते झाकण त्यांनी हळूच कॅनवर ठेवलं, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं.

"घरी जायच्या आधी," ते म्हणाले. "पाचच मिनिटं. घरात आता सगळे कानात काहीतरी घालून बसलेले असतात हो." त्यांनी घसा साफ केला. "नाव मात्र एकच पाहिजे."

७

"माझं द्या," बाई म्हणाल्या.

"तुमचं दिलं तर विभाग चालवणार कोण?" तपासनीस म्हणाले.

"मग माझं," सिस्टर.

"मग बोट टोचणार कोण?" तपासनीस लगेच म्हणाले. "टाकीवाल्याचं दिलं तर नवी टाकी कोण सांभाळणार? साहेबांचं दिलं तर सही कोण करणार?" ते हिशेब मोठ्याने करत होते, कारण तो त्यांनाही आत्ताच कळत होता. "आग मात्र इथे कधी लागलेली नाही. मी नसलो तरी ती लागणार नाही. माझं लिहा."

"अहो, पण तुमची नोकरी," बाई म्हणाल्या.

"नोकरी नको घालवायला," संचालक घाईने म्हणाले. त्यांना बरंच बरं वाटू लागलं होतं. "या विभागात प्रवेश बंद, आणि अर्थातच प्रयोगातून नाव कमी. समितीला पुरेल तेवढं."

समितीला पुरलं. समिती आली, टाकीकडे पाहिलं, 'अरेरे' म्हणाली, चहा घेतला आणि गेली. दुसऱ्या एका संस्थेकडे याच शेवाळाने भरलेला एक काचेचा चंबू होता. तो पाठवायचं ठरलं. प्रयोग पुढच्या मंगळवारपासून नव्याने सुरू होणार होता, बाकी सगळ्या रुग्णांसाठी.

नाव कमी करताना बाईंना तपासनीसांची बंद पाकिटातली चिठ्ठी फोडावी लागली. निम्म्या रुग्णांना खरी गोळी होती, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत चिमूटभर पीठ असलेली. कुणाला कोणती, हे प्रयोग संपेपर्यंत कुणालाच कळू द्यायचं नसतं. बाई चिठ्ठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"पीठ," त्या म्हणाल्या.

"पण माझी साखर उतरली होती," तपासनीस म्हणाले.

"हो. चांगलीच उतरली होती. एका माणसावरून शेवाळाचं काहीच ठरत नाही, हे लक्षात ठेवा. तुम्ही मंगळवारी चालत यायचात ना? तेही असेल. जेवणही सांभाळलं असेल."

"असेल," तपासनीस म्हणाले.

सिस्टर दाराशी उभी होती. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण व्हरांड्यात रुग्ण खोळंबले होते, कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली, आणि ती गेली.

तपासनीस जिन्याखाली आले. बादल्यांमध्ये बोटं घालून वाळू कोरडी आहे का पाहिलं. कोरडी होती. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि सरकारी मराठीत लिहायला बसले. आयुष्यात बुधवारी सुरू केलेलं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच न खोडता पुरं केलं.

प्रति,
मा. संचालक

विषय : दर मंगळवारी बोट टोचून मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदारास प्रयोगातून वगळण्यात आले असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. अर्जदारास गोळी नको. खरी नको व पिठाचीही नको. तथापि दर मंगळवारी अर्जदाराचे बोट पूर्ववत टोचण्यात यावे. विभागात प्रवेश बंद असल्याने सदर कार्यवाही दाराच्या उंबऱ्यावर करण्यास हरकत नसावी. अर्जदार बाहेर उभा राहील व केवळ बोट आत देईल. निघालेले रक्त तपासण्याची आवश्यकता नाही. ते कापसाने पुसून टाकावे. टोचण्यापूर्वी संबंधित परिचारिकेने "कसे आहात?" असे विचारावे, आणि अर्जदाराचे उत्तर संपेपर्यंत सुई हातात धरून ठेवावी. त्यानंतर अर्जदारास तोच प्रश्न परिचारिकेस विचारण्याची परवानगी असावी. दोहोंपैकी कोणाचेही उत्तर लांबल्यास रांगेतील पुढील रुग्णास थोडे थांबण्याची लेखी सूचना आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावी, ही विनंती.